पिकअपची सस्पेन्शन लिफ्ट : दीड वर्ष, दोन सेट आणि भिंतीवरची खडूची रेघ

जून २०२४ मध्ये बसवलेली लिफ्ट, म्हणजे गाडीचं सस्पेन्शन उंच करणारं किट, मी सात महिन्यांत काढून टाकली. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा सेट बसवला, त्याला आता अकरा महिने होत आले. पहिल्या वेळचे साडेअठरा हजार पाण्यात गेले. माझ्यासारखं काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती इंच करायची?" माझं सगळं नुकसान या प्रश्नाला उत्तर देण्यापासून सुरू झालं.

गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, फोर बाय फोर. माझं काम बोअरच्या मोटारी काढण्या-सोडण्याचं. हौद्यात तिवई, चेन पुली, केबल, पान्हे आणि बहुतेक वेळा पाइप. मागे ट्रॉलीवर २५ केव्हीएचा जनरेटर. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. मोटार सोडून झाल्यावर पाणी कसं पडतंय हे बघायला लाइटची वाट पाहत बसलं तर अख्खा दिवस तिथंच जातो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी केलेली आहे. जनरेटरसकट ती वजनकाट्यावर १,३४० किलो भरली. दांडीवर किती वजन येतं ते फार कमी लोक मोजतात. मी मार्केट यार्डात ओळखीच्या कांद्याच्या आडतीवर गेलो आणि तिथल्या प्लॅटफॉर्म काट्यावर दांडीचा जॅक टेकवून बघितलं. १६५ किलो. ट्रॉलीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के दांडीवर असावं असं धरतात, त्यात ते बसतं.

लिफ्ट करावी असं वाटलं ते पाणंद रस्त्यांमुळे. मंगळवेढ्याकडची काळी जमीन ज्यांनी पावसाळ्यात पाहिलीय त्यांना सांगायला नको. वाफसा यायच्या आत गाडी घातली तर माती चाकाला अशी बसते की टायरची नक्षी दिसत नाही. ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासायचा. दोनदा रुतलो, दोन्ही वेळा शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढलं.

पुण्यातल्या एका दुकानाकडून किट मागवलं, १४,५०० रुपये. पुढच्या कॉइल स्प्रिंगच्या डोक्यावर बसणाऱ्या चकत्या आणि मागे एक्सल नि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये बसणारे इंचभराचे ब्लॉक. चकतीची जाडी बघून वाटतं, एवढ्याने काय होणार? पण पुढचं सस्पेन्शन तरफेसारखं काम करतं, त्यामुळे चकतीच्या जवळपास दुप्पट उंची चाकाशी मिळते. माझी पुढून ६५ मिलिमीटर वाढली, मागून २५. बसवायची मजुरी चार हजार. गाडी एका पातळीत दिसायला लागली, रुबाबदार दिसायला लागली. तेव्हा मी खूश होतो हे प्रामाणिकपणे सांगतो. मधल्या उंचवट्याला पोट घासायचं थांबलं, ओढ्यात उतरताना पुढचा बंपर टेकायचा थांबला. पहिले दोन महिने मी सगळ्यांना हेच किट घ्या म्हणून सांगत होतो. ज्यांनी माझं ऐकलं त्यांनी हे पुढचंही वाचावं.

ऑक्टोबरमध्ये माचणूरजवळ चहाला थांबलो तेव्हा उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळं ग्रीस उडालेलं दिसलं. एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलं होतं. पुढचा भाग उचलला की एक्सल जास्त तिरका फिरतो, बुटाच्या घड्या एका बाजूने कायम दाबलेल्या आणि दुसऱ्या बाजूने ताणलेल्या राहतात. त्यात माती गेली की जॉइंट संपला. वेळेत दिसलं म्हणून बूट आणि ग्रीसवर भागलं. दुकानाला फोन केला तर "ऑफ रोड चालवता ना, मग होणारच" हे उत्तर. ऑफ रोडसाठी म्हणून विकलेली वस्तू आणि ऑफ रोड चालवली म्हणून तक्रार घेणार नाही! त्यावर मी आठ दिवस भांडलो. पैसे मिळाले नाहीत.

तरी मी किट काढलं ते बुटामुळे नाही. काढलं ते दिव्यांमुळे, आणि हा भाग लांबणार आहे.

नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झाला होता. रात्री दहाच्या सुमाराला कामती ओलांडून सोलापूरकडे येत होतो, ट्रॉली मागे, हौदा भरलेला. समोरून मोटारसायकलवर नवरा-बायको, मध्ये लहान मूल. माझे दिवे डीमवर होते. तरीही त्या माणसाने डोळ्यांवर हात धरला, गाडी डगमगली आणि डांबर सोडून साइडपट्टीच्या मुरमात उतरली. पडले नाहीत, कुणाला लागलं नाही. मी थांबून मागे पळत गेलो तर तो म्हणाला, "दादा, अप्पर तरी मारू नका की हो." मी डीम दाखवला. तो बघतच राहिला. त्याच रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या बैलगाड्या असतात. त्या बाजूने पुढे एखादी असती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी घराच्या भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर उभी केली, टेप लावून. भिंतीवर दिव्यांच्या उंचीची रेघ खडूने ओढली. डीमचा वरचा काठ त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली पडायला हवा, म्हणजे शंभराला एक असा उतार. माझा रिकाम्या गाडीला रेघेच्या तीन सेंटिमीटर वर होता. हौदा भरून ट्रॉली जोडली तर पस्तीस सेंटिमीटर वर. डॅशवरचं दिवे वरखाली करायचं बटण पूर्ण खाली नेलं तरी रेघेच्या खाली येईना.

हिशेब सरळ आहे, मलाच आधी सुचला नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३,०९५ मिलिमीटर. पिकअप कंपनीतून येते तेव्हा मागून थोडी उंच असते, कारण माल भरल्यावर ती बसणार हे धरलेलं असतं. किटने पुढचा भाग मागच्यापेक्षा ४० मिलिमीटर जास्त उचलला आणि ती राखीव उंची खाऊन टाकली. दहा मीटरवर तेरा सेंटिमीटर तिथेच गेले. मग भरल्यावर मागचं बसणं ९० मिलिमीटर, पुढचं उचलणं दहा. ते अजून बत्तीस सेंटिमीटर. ज्या "एका पातळीतल्या" रूपावर मी खूश होतो तोच दोष होता. दिवे स्क्रूने खाली पाडून घेता येतात, पण मग रिकाम्या गाडीला समोरचं पुरेसं दिसत नाही. हेच दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजकाल सगळ्यांचेच दिवे वर असतात. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि परत केला नाही.

नव्वद मिलिमीटर बसणं लिफ्टच्या आधीही होतं. ब्लॉकने उंची वाढते, ताकद वाढत नाही, पाटे तेच राहतात. उलट ब्लॉकमुळे एक्सल पाट्यांपासून लांब जातो आणि जोर लावला की पाट्यांना पिळतो. ट्रॉली घेऊन बांध चढताना मागून 'धडाक्' असा आवाज यायचा तो त्याचाच. दोन महिने मी तो ट्रॉलीच्या कपलिंगचा समजत होतो.

डिसेंबरात मी या निष्कर्षाला आलो होतो की लिफ्ट नकोच, सगळं काढून मूळ करायचं. ते करायलाच अक्कलकोट रोडला ट्रकचे पाटे करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी किती इंच हे विचारलंच नाही. खाली वाकून पाट्यांचे घासलेले भाग बघितले आणि म्हणाले, "मालक, महिन्यात किती दिवस भरलेली असती, किती दिवस रिकामी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन कामाची वही काढली. महिन्यात बावीस दिवस भरलेली. ट्रॉली त्यातले अठरा दिवस. त्या वहीवरून पाटे ठरले. मूळ पाट्यांना पुन्हा बाक दिला, एक पाटा पूर्ण लांबीचा वाढवला आणि सगळ्यात खाली एक जाड पाटा असा बसवला की ठरावीक वजन आल्यावरच तो टेकावा. आखूड जाड पाटा घालून लवकर काम उरकतात, पण त्याचं टोक वरच्या पाट्याला एकाच जागी रेटतं आणि पुढे तिथूनच तो तडकतो, हे चाचांनी मोडका पाटा हातात देऊन दाखवलं. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे, कारण एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नसतात. रिकाम्या गाडीला मागून ४० मिलिमीटर वाढले. पुढे चकत्या काढून थोड्या कडक कॉइल घातल्या, वाढ फक्त २५. चारही शॉकअप नवे. पाटे नि मजुरी ११ हजार, कॉइल आणि शॉकअप ४६ हजार. शॉकअपचे पैसे देताना हात जड झाला होता. पण आधीचे साडेअठरा वाचले असते तर तेवढं जड गेलं नसतं. अलाइनमेंट होटगी रोडला केली. पुढे उंची वाढवली की कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. पहिल्या किटच्या वेळी अलाइनमेंटच्या कागदावर तो खाना लाल होता आणि "चालतंय" म्हणून मला परत पाठवलं होतं. या वेळी हिरवा झाल्याशिवाय मी जागचा हललो नाही.

आता भिंत. रिकामी असताना दिवे रेघेखाली दहावर लावून घेतले. भरून, ट्रॉली जोडून मागचं बसणं ४० मिलिमीटरवर आलं. प्रकाशाचा काठ रेघेच्या किंचित वर जातो, बटण दोन घरं खाली केलं की परत दहा सेंटिमीटर खाली. ट्रॉली जोडली की बटण फिरवायचं, हे आता पोराच्याही अंगवळणी पडलंय. ट्रॉली अडकवायचा टो बॉल मागच्या वाढीने वर गेला होता, तो खाली उतरवायला वाकडा हूक करून घेतला. नाही तर ट्रॉली नाक वर करून चालते.

तोटेही आहेत. रिकामी गाडी मागून कडक लागते. वडील मागच्या सीटवर बसून पंढरपूरला जायला तयार नाहीत, हौद्यात दोन पोती वाळू टाकावी लागते. पाटे उन्हाळ्यात कुईकुई करतात, बुशला ग्रीस लावलं की महिनाभर गप्प. आणि पाटा वाढवला म्हणून कागदावरची वजनक्षमता वाढत नाही. ब्रेक, बेअरिंग, चासी तीच आहे, मीही पूर्वीपेक्षा एक किलो जास्त भरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. मी कॉइलआधी हे वाचलं असतं तर पुढचे २५ मिलिमीटरही वाढवले नसते. नुसत्या मागच्या पाट्यांवर माझं नव्वद टक्के काम झालं असतं असं आता वाटतं. विम्याच्या एजंटला सगळं लेखी कळवलंय. तुम्हीही अपघाताआधीच विचारून घ्या.

पुढचे अडीच इंच काढून मी चूक केली का, असं एकदाच वाटलं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर, केबल सगळं गाळात गेलं. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस मी मोहोळ तालुक्यात होतो. गाळाच्या रस्त्यांवर मधला उंचवटा खालून घासत होता आणि मला चकत्या आठवल्या. संध्याकाळी खाली झोपून बघितलं. पोट कोरडं होतं. घासत होता तो मागच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल. आणि कितीही इंचांची लिफ्ट केली तरी तो गोळा वर जात नाही, कारण तो चाकांच्या मध्ये बसलेला आहे. तो उचलायचा तर टायरच मोठा घ्यावा लागतो, आणि टायर एक इंचाने मोठा केला तर मिळतो अर्धा इंच. जुन्या किटमुळेही तिथे काही फरक पडला नसता. त्या पंधरा दिवसांत रुतलो एकदा, तेही टायरमध्ये हवा जास्त ठेवली म्हणून. २० पीएसआयवर आणली आणि स्वतःच्या जोरावर बाहेर पडलो. वर आल्यावर पंपाने पुन्हा भरली. त्या पंपाला तीन हजार लागले होते. चिखलासाठी या दीड वर्षात केलेला सगळ्यात चांगला खर्च तोच.

पूरग्रस्त शेतकऱ्यांच्या मोटारी काढायला रात्री-बेरात्री जाणं झालं. समोरून येणाऱ्या कुणीही एकदाही डोळ्यांवर हात धरला नाही. हे मी मुद्दाम बघत होतो.

यू-बोल्ट बसवल्यावर पाचशे किलोमीटरला आणि नंतर दर पाच हजाराला घट्ट करून घ्यायचे, ते चुकवू नका. माझे गेल्या आठवड्यात केले, डाव्या बाजूचा अर्धा फेरा सैल निघाला. मागच्या उजव्या शॉकअपचा खालचा बुश फुगलेला दिसतोय, तो ऊस सरायच्या आत बदलतो आणि बदलल्यावर भिंतीसमोर परत मोजतो.