शाळेतला संगीताचा तास: प्रॉप २८ नंतर

कॅलिफोर्नियातल्या मराठी आईबाबांसाठी मुद्दाम लिहिते आहे. आपल्यापैकी बरेच जण शनिवार-रविवारी मुलांना गाण्याच्या नाहीतर तबल्याच्या क्लासला नेतात, पण शाळेत संगीत शिकवतात का, हे विचारायचं राहूनच जातं. माझी मुलगी चौथीत आहे, पब्लिक स्कूलमध्ये. गेल्या वर्षीपासून तिच्या वर्गाला आठवड्यातून एकदा संगीताचा तास मिळतो, तो प्रॉप २८ मुळे (प्रॉप म्हणजे प्रोपोझिशन, मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला राज्याचा कायदा). पाचपैकी चार तारे, आणि तेही आनंदाने.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शिक्षिका संगीतातल्या आहेत, पगारावर नेमलेल्या, आणि तास शाळेच्याच वेळात होतो. ज्या घरात क्लासची फी परवडत नाही किंवा संध्याकाळी ने-आण करायला कुणी नसतं, तिथलं मूलही याच तासाला बसतं. खासगी क्लास कितीही चांगला असला तरी त्याला हे साधत नाही.

शिकवण्याची पद्धतही मला पटली. सुरुवातीला वाद्य हातात नाही. टाळ्या, पावलं, 'ता, टी-टी' म्हणत लय अंगात मुरवायची. मग हाताच्या खुणांनी डो-रे-मी, म्हणजे आपलं सा-रे-ग. पट्टी बदलली की डो सरकतो, हे मुलीला चटकन कळलं. घरी माझ्या पेटीवर सा कधी 'काळी दोन'ला असतो, कधी 'पांढरी चार'ला, हे ती लहानपणापासून पाहते आहे. त्यानंतर रेकॉर्डर, म्हणजे बासरीसारखं फुंकायचं वाद्य, आधी फक्त बी, ए, जी हे तीन स्वर. सगळा वर्ग एकदम फुंकतो तेव्हा कान किटतात खरे. पण जोरात फुंकलं की स्वर चढतो आणि किंचाळतो, हे मुलं शेजाऱ्याचं ऐकूनच शिकतात. माझी मुलगी आता गातानाही दुसऱ्याच्या आवाजाकडे कान देते.

हा तास आपोआप आलेला नाही. १९७८ च्या प्रॉप १३ ने मालमत्ता कराला लगाम घातला, शाळांचा पैसा आटला आणि ठिकठिकाणी कात्री आधी संगीतावर चालली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी प्रॉप २८ मंजूर केलं. त्यानुसार राज्य शाळांना जो किमान हमीचा निधी देतं, त्याच्या १ टक्क्याइतकी जादा रक्कम दरवर्षी कला आणि संगीतासाठी द्यावी लागते. वाटप ७० टक्के विद्यार्थिसंख्येवर, ३० टक्के गरीब घरांतल्या मुलांच्या संख्येवर. ५०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टने यातले निदान ८० टक्के शिकवणाऱ्या माणसांवर खर्च करायचे आहेत. हे कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर कपाटभर युकुलेली (छोट्या गिटारसारखी वाद्यं) येतात आणि शिकवायला कुणीच नसतं.

एक तारा का कापला? संगीताला खोली नाही. शिक्षिका सगळं सामान ढकलगाडीवर घालून वर्गावर्गात फिरतात, आणि मांडामांडीतच पाच-सात मिनिटं जातात. शिवाय त्या दोन शाळांत वाटलेल्या आहेत, त्यामुळे वाद्यवृंदाचा सराव बसतच नाही. दुसरी तक्रार हिशोबाची. या निधीचा, स्कूल बोर्डाने मंजूर केलेला वार्षिक अहवाल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असावा लागतो. आमच्या डिस्ट्रिक्टचा तो इतका आत दडवला होता की ऑफिसला फोन करून दुवा मागावा लागला.

तो अहवाल तुम्ही जरूर मागा. त्यात किती शिक्षक नेमले, किती मुलांपर्यंत आणि कोणत्या शाळांत पोहोचले, हे असतं. हा पैसा आधीच्या खर्चाच्या जागी वापरायचा नाही, त्यात भर घालायची आहे. म्हणून जुने आकडेही शेजारी ठेवून पाहा. तीन वर्षांत न खर्चलेली रक्कम परत जाते, हे विसरू नका. स्कूल बोर्डाच्या सभेत कुणालाही बोलता येतं, नागरिक असण्याची अट नाही. व्हिसावर असलेल्यांनीही संकोचू नये. पुढच्या सभेत मी संगीताच्या खोलीचा विषय मांडणार आहे. आमच्या शाळेतले आणखी दोन-तीन पालक सोबत आले तर फार बरं होईल.