तपकीर गल्लीतला दोनशेचा रिमोट, आठ महिन्यांनंतर

आमच्या टीव्हीचा मूळ रिमोट पावसाळ्यात चहाच्या कपात पडला. लगेच उचलला, पण फटींतून साखर आत गेली ती गेलीच. उघडून स्पिरिटनं पुसला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. सगळं चालू झालं, आवाज वाढवायचं बटण सोडून. नेमकं तेच, आणि बाबांना कमी ऐकू येतं! कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं साडेअकराशे सांगितले, तेही "मागवावा लागेल". मग पुण्याच्या बुधवार पेठेतली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली.

दुकानदाराचा पहिला प्रश्न, "जुना आणलाय का?" मी टीव्हीचं मॉडेल पाठ करून गेलो होतो, त्याचा काही उपयोग झाला नाही. सेलच्या कप्प्यात रिमोटचा स्वतःचा नंबर असतो, तो जुळवायचा. तो पुसला असेल तर बटणांची मांडणी. डुप्लिकेट हातात आल्यावर त्यानं माझ्याच मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडायला लावला. बटण दाबलं की पुढचा एलईडी जांभळट चमकताना दिसतो, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसतो म्हणून. पण यातून रिमोट जिवंत आहे एवढंच कळतं. तो आपल्या टीव्हीशी बोलतो का, ते घरीच कळणार. त्यामुळे पैसे देण्याआधी "नाही चालला तर बदलून देणार ना?" हे वदवून घ्या.

चालला. आवाज, मेनू, सोर्स, सगळं पहिल्या दिवसापासून. फक्त माइकचं बटण शोभेचं आहे. मूळ रिमोट ब्लूटूथवर होता, बाबा तो पांघरुणातूनही दाबायचे. हा निव्वळ इन्फ्रारेडचा, नेम धरून दाबावा लागतो, आणि मध्ये टीपॉयवर फुलदाणी असली की संपलं. पाचव्या महिन्यात बटणांवरची अक्षरं उडाली. चालू-बंदच्या बटणावर आईनं टिकली लावली आहे, ती मात्र टिकली. सेलचं झाकण सैल होतं, त्याला रबर बँड.

मध्येच उत्साहात एक लर्निंग रिमोटही (दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकून घेणारा) घेतला होता, एसीसाठी. तो चुकूनही घेऊ नका. टीव्हीचा रिमोट "आवाज एक घर वाढव" एवढाच निरोप धाडतो. एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंख्याचा वेग असा अख्खा हुकूम एकदम सोडतो, कारण आकड्यांचा हिशोब त्याच्याच स्क्रीनवर चालतो. आम्ही लर्निंग रिमोटला 'कमी कर' शिकवायला गेलो, तो शिकला '२४ कर'. कितीही दाबा, २४च. एसीला त्याच नंबरचा डुप्लिकेट बघावा.

दोनशे रुपयांत तक्रार नाही. जुना रिमोटही टाकलेला नाही, त्याचा माइक अजून ठणठणीत आहे. बाबा गाणं मागायला तो उचलतात, मग तो ठेवून आवाज वाढवायला टिकलीवाला.