किडनी कमजोर, गुडघा दुखतोय: कोणती गोळी लिहायची?

समोर 78 वर्षांच्या आजी, वजन 45 किलो, क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) 1.4. 'थोडंसंच वाढलंय' म्हणून आपण पुढे जातो. तेच आकडे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घाला: मिनिटाला जेमतेम 24 मिलिलिटर. अंगात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन फसवं दिसतं. डोस ठरवायचा तो या 24 वर.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या सूज-वेदना कमी करणाऱ्या गोळ्यांचा गुण लवकर येतो, सुजलेल्या सांध्यात तर पॅरासिटामॉलपेक्षा नक्कीच. पण सांध्यातली आग वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातली रसायनंच कमजोर किडनीकडे येणारी रक्तवाहिनी सैल ठेवतात. गोळीने ही रसायनं दबली की गाळणी मंदावते, पाणी-मीठ साठतं, बीपी आणि पोटॅशियम चढतं. सोबत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी, वर लघवीची गोळी, आणि त्यात जुलाब लागले की काही दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट झालेलं दिसू शकतं. सूत्राचा आकडा 30 च्या खाली असेल तर या गोळ्या नकोतच. 30 ते 60 मध्ये लिहिल्याच तर मोजके दिवस. याच प्रकारातली एटोरिकॉक्झिब पोटाला सौम्य आहे खरी, किडनीला मात्र तेवढीच जाचक.

पॅरासिटामॉलचा निचरा मुख्यतः यकृतात होतो. दुखणं पूर्ण थांबत नाही, हे पेशंटला आधीच सांगावं, नाहीतर ते परस्पर दुसरी गोळी आणतात. पाण्यात फसफसणारी मात्र टाळा: एकेका गोळीत सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असतं.

एकाच गुडघ्यापुरतं दुखणं असेल तर डायक्लोफेनॅकचं जेल. गोळीच्या मानाने रक्तात सुमारे 6 टक्केच उतरतं. दोन्ही गुडघे, कंबर, खांदा असं सगळीकडे चोळलं तर हा हिशेब राहत नाही.

ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक किडनीवर थेट घाव घालत नाही, पण साचतं: गुंगी, मळमळ, क्वचित झटके. 30 च्या खाली दोन डोसांत 12 तासांचं अंतर, दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत. वयस्कांना मी त्याच्या निम्म्यावरच थांबतो. प्रीगाबालिन मज्जातंतूंच्या दुखण्यापुरतं, तेही डोस कापून.

या आजींना मी पॅरासिटामॉल 500 दिवसातून तीनदा लिहीन, दुखऱ्या गुडघ्याला थोडे दिवस जेल, आणि दहा दिवसांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम. घरातली जुनी औषधांची पिशवीही मागवून घेईन. डायक्लोफेनॅक बहुतेक वेळा तिथेच सापडतं.