लंडनच्या खात्यातून मुंबईला पैसे: काही महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी साधी आहे. लंडनच्या बँकेतलं करंट अकाउंट, दादरच्या सहकारी बँकेत आईचं बचत खातं, आणि मुलुंडच्या फ्लॅटचा हप्ता ज्यातून जातो ते स्वतःचं एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासी भारतीयांचं रुपया खातं). पैसे दोन वाटांनी पाठवतो: बँकेच्या ॲपमधून थेट स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून), किंवा तिकडे पौंड घेऊन मुंबईत रुपये भरणाऱ्या ट्रान्स्फर कंपनीमार्फत. दरमहा वापरल्यावर मत पक्कं झालंय: घरखर्चासाठी कंपनी, आणि बँकेची स्विफ्ट फक्त मोठ्या रकमेला.

'फी किती?' हे सगळे आधी विचारतात, पण खरा पैसा जातो तो दरात. समजा बाजारात पौंड ११५ रुपये आहे आणि बँकेच्या ॲपने 'फी शून्य' म्हणत ११२ चा दर लावला. हजार पौंडांमागे ३,००० रुपये गेले, आणि पावतीवर त्याची ओळसुद्धा नसते. म्हणून तुलना एकाच आकड्याची करा: खात्यातून सगळं मिळून १,००० पौंड गेले, तर मुंबईच्या पासबुकात किती रुपये पडतील? दोन्ही ॲप शेजारीशेजारी उघडून, त्याच पाच मिनिटांत बघा. सकाळचा एक दर आणि संध्याकाळचा दुसरा, अशा तुलनेला अर्थ नाही.

स्विफ्टने पौंड तसेच पाठवले, तर रुपये करते मुंबईची बँक, तिच्या टीटी बाइंग दराने, म्हणजे बाहेरून आलेलं परकी चलन ती ज्या भावाने विकत घेते त्या दराने. त्यावर जीएसटी लागतो. १ लाखाला १८० रुपये, १० लाखांना ९९०, आणि कमीत कमी ४५. हा कर बघून लोक घाबरतात, पण दरातला फरक त्याच्या कितीतरी पट असतो. रक्कम मोठी असेल तर पाठवण्याआधी मुंबईच्या शाखेतून फॉरेक्स डेस्कला (परकी चलनाच्या विभागाला) विचारा. छापील कार्ड रेटपेक्षा बरा दर बऱ्याचदा मिळतो, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

स्विफ्टच्या फॉर्मवर शुल्काचे तीन पर्याय असतात: ओयूआर (सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं), एसएचए (दोघांत वाटून) आणि बीईएन (सगळं घेणाऱ्याचं). एसएचए निवडला की मधली बँक आपलं शुल्क वाटेतच रकमेतून कापून घेऊ शकते. आईच्या खात्यात थोडे कमी पडले तर चालतं, पण हप्त्याच्या खात्यात तेवढ्यासाठी ईएमआय बाउन्स होतो. तिथे ओयूआरच टाका, किंवा थोडी जास्त रक्कम पाठवा.

सहकारी बँकेचं प्रकरण वेगळं. अशा अनेक बँकांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. पैसे आधी एखाद्या मोठ्या बँकेत उतरतात आणि तिथून पुढे जातात. अंतिम खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात बिनचूक नसेल, तर रक्कम मधेच लटकते आणि शाखेतले लोक 'आमच्याकडे आलेलीच नाही' म्हणतात, जे खरंही असतं. अशा वेळी पाठवणाऱ्या बँकेकडून व्यवहाराचा यूईटीआर, म्हणजे माग काढायचा क्रमांक, मागा. ३६ अक्षरांचा हा क्रमांक असला की पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते सापडतं. कंपनीमार्फत ही भानगडच नाही. पैसे एनईएफटी किंवा आयएमपीएसने रुपयांत येतात, आयएफएससी (भारतातल्या शाखेचा कोड) पुरतो. आयएमपीएसची मर्यादा ५ लाख, त्यापुढे एनईएफटी किंवा आरटीजीएस.

आयएफएससी ११ अक्षरांचा, त्यातलं पाचवं नेहमी शून्य, इंग्रजी ओ नव्हे. जुन्या पासबुकावरून उतरवू नका. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक २०२० मध्ये युनियन बँकेत, आणि ते जुने कोड आता चालत नाहीत. आयबीएएनचा (युरोपात वापरतात त्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा) रकाना दिसला तर गोंधळू नका, भारतात आयबीएएन नाही.

सगळ्यात जास्त पैसे परत येतात ते नावापायी. आपल्याकडे पासबुकावर आडनाव आधी, मग नाव, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव. आधारवर क्रम निराळा आणि लंडनच्या खात्यात मधलं नावच नाही. मुंबईच्या बँकेत खात्यावर जसं नाव आहे तसंच, अक्षर न् अक्षर टाका. संयुक्त खातं असेल तर पहिल्या खातेदाराचं. पत्त्याचंही तसंच. स्विफ्टच्या जुन्या रचनेत एका ओळीला ३५ अक्षरं, आणि 'को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड' एवढ्यानेच ओळ भरते. फ्लॅट नंबर, इमारत, दादर, मुंबई, पिनकोड एवढं पुरे. '#' आणि '&' ही चिन्हं टाकू नका.

वेळेचं गणित: मुंबईतला आंतरबँक रुपया बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो, म्हणजे लंडनला हिवाळ्यात सकाळी १०, उन्हाळ्यात ११. शुक्रवारी जेवणानंतर पाठवलेल्या स्विफ्टला बहुधा सोमवारचा दर लागतो. १ मे, गुढीपाडवा, १ एप्रिलची वार्षिक हिशेबपूर्ती हे दिवस टाळा. मे महिन्यात तर पहिल्या सोमवारी लंडनच्याही बँका बंद.

खातं कुठलं, हेही आधी ठरवा. परदेशात राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमाच्या (परकी चलन कायद्याच्या) नियमात बसत नाही, ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. पण तिकडची कमाई एनआरओत भरू नका. तिथल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस अधिक सेस, आणि पैसे परत नेताना कागदपत्रं व आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, आणि मुद्दल-व्याज केव्हाही परत नेता येतं.

आईला पाठवलेले पैसे नातेवाइकाची भेट ठरतात, तिला त्यावर कर नाही. बायकोच्या खात्यात पाठवून एफडी केली, तर ते व्याज मात्र नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात.

पैसे कशासाठी आले ते सांगणारा पर्पज कोड घरखर्चाला पी१३०१. स्विफ्ट आल्यावर मुंबईची बँक कधी कधी हा कोड विचारणारा मेल किंवा फोन आईलाच करते आणि उत्तर येईपर्यंत पैसे अडवून ठेवते. तिला आधीच सांगून ठेवा की कोड सांगायला हरकत नाही, ओटीपी आणि पिन मात्र कुणालाही नाही. आणि पैसे जमा झाले की एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा कागद) लगेच मागून ठेवा. पुढे घर घेताना पैशाचा उगम विचारतात, तेव्हा जुन्या व्यवहाराचा हा कागद काढायला शाखेत खेटे पडतात.