स्टार्टअप रिपेअर की रीसेट?

लोगो येतो, ठिपके गोल फिरत राहतात, पण लॅपटॉप सुरू होत नाही. एम. जी. रोडवरच्या दुकानात नेण्याआधी विंडोजचेच दोन उपाय घरी करता येतात.

स्टार्टअप रिपेअर फक्त सुरू होण्यातला बिघाड शोधून दुरुस्त करायला बघतं. फोटो, कागदपत्रांना हात लावत नाही. म्हणून आधी हेच. लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीची निळी स्क्रीन येते; दोन्ही उपाय तिथेच मिळतात.

रीसेट म्हणजे विंडोज नव्याने टाकणं; हा उपाय जालीम. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टॅली, श्रीलिपी असे वरून टाकलेले प्रोग्रॅम उडतात आणि पुन्हा टाकत बसावं लागतं. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

हार्ड डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र रीसेट नकोच! आधी डेटा काढून घ्या.