गोदाघाटावरचा जुन्या कपड्यांचा बाजार : काय घ्यावे, काय सोडावे

गोदाघाटावर बुधवारी भरणाऱ्या बाजारात भाजी, मसाले आणि भांड्यांच्या गर्दीत जुन्या कपड्यांच्या पथाऱ्याही लागतात. नाशिकचे पुष्कळ लोक त्यांच्याकडे पाहतात ते गोधडीसाठी किंवा पुसायला जुनेर हवे असते तेव्हाच. महाविद्यालयात शिकवणाऱ्या, आठवड्यातून सहा दिवस नीटनेटके दिसावे लागणाऱ्या माझ्यासारख्या बाईचे वर्षभराचे कपाट या पथाऱ्यांवरून उभे राहू शकते का, एवढ्या एका प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझ्या मते ते उभे राहते, मात्र बाजारात त्याचे निम्मेच काम होते आणि उरलेले निम्मे शिंप्याच्या मशीनवर होते. ज्यांना दुसऱ्या निम्म्याचा कंटाळा आहे त्यांनी या बाजाराच्या वाटेला जाऊ नये.

हा माल येतो कोठून, हे कळले की त्यातले काय चांगले असणार याचा अंदाज बांधता येतो. बहुतेक कपडे बोहारणींकडून येतात. स्टीलचे पातेले किंवा डबा देऊन घरोघरचे कपडे घ्यायचे, ते धुवायचे, उसवलेले शिवायचे, तुटलेली बटणे लावायची, इस्त्री करायची आणि मग विकायचे, असा हा पिढीजात व्यवसाय आहे. म्हणजे पथारीवर येण्यापूर्वी प्रत्येक कपडा एकदा जाणत्या हाताखालून गेलेला असतो. दुसरा माल परदेशी जाकिटांचा आणि जीन्सचा. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात असा माल प्रतवारी करून मुख्यतः पुन्हा बाहेर पाठवण्यासाठी येतो. त्यामुळे हा माल कधी ढिगाने दिसतो तर कधी महिनोन्‌महिने दिसत नाही, आणि त्याच्या भरवशावर कपाटाची आखणी करता येत नाही.

या बाजारात डोळे मिटून नव्हे, पण निर्धास्तपणे घ्यावी अशी पहिली वस्तू म्हणजे पुरुषांचा सुती शर्ट, आणि हे मी स्त्रियांनाही सांगते आहे. एका वयस्कर विक्रेतीने मला निळ्या बारीक रेघांचा एक शर्ट दाखवला, तो आधी सुलटा नाही तर उलटा करून. ‘‘ताई, आधी काख बघा, मग कॉलर बघा, मग भाव विचारा,’’ असे ती म्हणाली. काखेत पिवळट डाग नव्हता. कॉलरची घडी मात्र काठावर थोडी वेगळ्या छटेची होती, कारण झिजलेली बाजू आत घालून कोणीतरी कॉलर उलटवून शिवली होती, आणि टाके इतके जवळजवळ होते की सांगितल्याशिवाय कळले नसते. तिने शर्टाची पाठ उन्हासमोर धरली तेव्हा विण सगळीकडे सारखी दिसली. जिथे कापड विरते तिथे ऊन आरपार येते आणि तो कपडा चार धुण्यांत फाटतो. तिसऱ्या बटणाच्या काजाचा दोरा सुटला होता तोही तिने स्वतःच दाखवला आणि तेवढ्यासाठी दहा रुपये कमी केले. मोठ्या दुकानातील विक्रेत्याकडून मला एवढी माहिती कधी मिळालेली नाही. असे शर्ट मी साध्या कुर्त्यावर उघडे घालते, थंडीत कुर्त्याच्या आत घालते, आणि बाह्या दुमडून जीन्सवर तर घालतेच.

कपडा अंगाला बसेल की नाही याची चिंता खांद्यापासून सुरू करावी आणि बहुतेक वेळा खांद्यापाशीच संपवावी. लांबी कमी होते, कंबर आत घेता येते, बाही मनगटाकडून कापता येते. पण खांदा मोठा असला तर बाही पूर्ण उसवून पुन्हा बसवावी लागते, आणि त्या मजुरीत दुसरा शर्ट येतो. घट्ट कपडा सैल करणे तर सर्वस्वी आतल्या दाबावर, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेल्या जादा कापडावर, अवलंबून असते. तयार कपड्यांत दाब जेमतेम सोडलेला असतो. शिंप्याने शिवलेल्या कुर्त्यात किंवा पोलक्यात मात्र बऱ्याचदा इंचभर कापड आत दुमडलेले सापडते, कारण बाई पुढेमागे जाड होईल हे शिंप्याने गृहीतच धरलेले असते. म्हणून लेबल नसलेला, हाताने मापे घेऊन शिवलेला कपडा मी कंपनीच्या कपड्यापेक्षा वरचा मानते. या बाजारातले बहुतेक गिऱ्हाईक नेमके उलटे वागते आणि लेबल शोधत बसते, याची मला तक्रार नाही.

नाशिकच्या हवेला तीन प्रकारचे कपडे लागतात. एप्रिल-मेमध्ये चाळिशीकडे जाणारे ऊन, मग श्रावणातली न वाळणारी दमट हवा, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहा अंशांच्या खाली उतरणारा पारा. प्रत्येक ऋतूसाठी वेगळे कपडे घेतले की कपाट भरते आणि तरी घालायला काही नाही असे वाटत राहते. त्याऐवजी मी निळा, राखाडी, पांढरा आणि विटकरी एवढेच रंग ठरवले आणि त्यांत न बसणारा कपडा कितीही स्वस्त असला तरी उचलला नाही. पाच वरचे आणि तीन खालचे कपडे एकमेकांवर कसेही घालता आले तर पंधरा जोड होतात. मात्र त्यांतला एखादा वरचा कपडा भडक जांभळा निघाला की त्याच्या तीन जोड्या कागदावरच राहतात. बाजाराचा स्वभाव याच्या विरुद्ध आहे, कारण तिथे मोह होतो तो जांभळ्याचाच. घरून निघताना एका सलवारीची आणि एका पँटची कापडपट्टी पर्समध्ये ठेवावी आणि रंग तिच्याशी ताडून पाहावा. दिवसाच्या उजेडात, ताडपत्रीच्या निळ्या सावलीत नव्हे.

खरी श्रीमंती जुन्या सुती साड्यांत आहे. साडेपाच मीटरच्या साडीत अडीच मीटरचे दोन कुर्ते बसतात आणि काठाची पट्टी गळ्याला, बाहीला उरते. साडी विरते ती टाचेजवळच्या काठाला, आणि पदरावर खांद्याच्या जागी पिनेची भोके पडतात. या दोन जागा सोडून कापड बेतायला सांगितले तर कुर्ता नव्या कापडाइतका टिकतो. शिवाय ते कापड अनेकदा धुतलेले असल्याने आता आटत नाही आणि पहिल्या दिवसापासून मऊ असते. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे म्हणून कोणी इथे पैठणीची आशा धरू नये. जरीचे जे काही असते ते पथारीवर येण्याआधीच वेगळे काढलेले असते.

आता उणिवा. पुरुषांच्या पँटी मी कोणालाही सुचवणार नाही. त्या मांड्यांच्या आतल्या बाजूला विरलेल्या असतात आणि ती जागा रफूने सुधारत नाही. मोठ्या मापांचे कपडे कमी मिळतात. घालून पाहायची सोय नाही, पावती नाही, परतीचा तर प्रश्नच नाही. लोकरीचे म्हणून सांगितलेले स्वेटर बहुधा ॲक्रिलिकचे असतात. एका विक्रेत्याने मला तसा स्वेटर शपथेवर लोकरीचा म्हणून दाखवला होता. आतल्या शिवणीतून निघालेला धागा काडीने पेटवला की शपथेची गरज उरत नाही. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक गोळा होतो. सुती कापडाचा धागा कागदासारखा जळतो; त्याच्या राखेत बारीक कडक खडा लागला तर पॉलिस्टरची भेसळ आहे असे समजावे. तरीही समाजमाध्यमांवरच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीपेक्षा हा बाजार मला उजवा वाटतो, कारण तिथे छायाचित्रात काख कोणी दाखवत नाही आणि कुरिअरचा खर्च कपड्याच्या किमतीला येऊन भिडतो.

घरी आणल्यावर कपडे इतर कपड्यांत मिसळू नयेत. सुती असतील ते कडक गरम पाण्यात भिजवावेत, लोकरीचे गार पाण्यात धुवावेत नाहीतर ते आक्रसतात, आणि सगळे दोन दिवस उन्हात ठेवावेत. मिठाच्या पाण्याने जाणारा रंग थांबत नाही. असा कपडा वेगळा धुणे हाच उपाय.

भावाबद्दल थोडेसे. शर्ट मला साधारण शंभराच्या आत, साडी दीडशेच्या आसपास पडली आणि शिंप्याने दोन्हींवर त्याहून जास्त मजुरी घेतली. हे आधी लक्षात घेतले तर घासाघीस कोठे थांबवावी ते कळते. ज्या बाईने कपडा धुऊन, शिवून, इस्त्री करून आणला आहे तिच्याशी वीस रुपयांसाठी अर्धा तास वाद घालणाऱ्या आणि नंतर शेजारच्या गाडीवर त्याहून जास्त पैशांची भेळ खाणाऱ्या गिऱ्हाइकांचे मला नवल वाटते.

जाण्याची वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाट पाण्याखाली जातो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याच्या बातम्या येतात आणि पथाऱ्या मिळेल तिथे सरकतात. त्या दिवसांत मालही ओलसर असतो. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरची कपाटे रिकामी होतात आणि ते कपडे धुऊन-दुरुस्त होऊन बाजारात येईपर्यंत थोडा काळ जातो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत निवडीला सर्वांत जास्त वाव मिळतो. त्यातही संक्रांतीच्या आत खरेदी उरकून कपडे शिंप्याकडे टाकावेत, कारण पुढे लग्नसराईची कामे वाढली की दुरुस्तीच्या पिशव्या शिंपी खालच्या फळीवर सारतो आणि त्या पाडव्यापर्यंत तिथून हलत नाहीत.