४१सी४२२०ए गिअर किट: जुन्या गॅरेज ओपनरला घालावं का?

गॅरेजचं दार उघडणाऱ्या ओपनरचं बटण दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण चेन जागची हलत नाही. कव्हरच्या आत पांढऱ्या प्लास्टिकचा भुगा साचलेला दिसतो. अमेरिकेतल्या घरांत चेंबरलेन, लिफ्टमास्टर किंवा क्राफ्ट्समन या नावांनी लागलेल्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या चेनवाल्या ओपनरचं हे ठरलेलं दुखणं. मोटरच्या दांड्यावरचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) ज्या नायलॉनच्या गिअरला फिरवतो, त्याचे दात खाल्ले गेलेले असतात. मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. अशा ओपनरसाठी ४१सी४२२०ए हे किट उत्तम आहे आणि नव्या ओपनरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. लक्षण वेगळं असेल तर मात्र ते घेऊ नका. मोटर नुसती घुमते आणि फिरतच नाही, तर बहुधा कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेलेला असतो. चेन आणि ट्रॉली (चेनबरोबर सरकून दाराला ओढणारा भाग) चालतात पण दार हलत नाही, तर कोणीतरी लाल दोरी ओढून ठेवली आहे. ती ओढली की दार ओपनरपासून सुटतं.

याच कामासाठी ४१ए२८१७ नावाचं आणखी स्वस्त किट मिळतं. त्यात वर्म आणि गिअर सुटे येतात. जुन्या दांड्यातली रोल पिन (गिअरला दांड्याशी जखडणारी खिळी) पंच आणि हातोडीने ठोकून काढायची आणि नवा गिअर बसवून पुन्हा ठोकायची. बाकावर शिकंजा असेल तर हे जमतं. पण जुन्या दांड्याचं बुशिंग (दांडा ज्यात फिरतो ती नळी) सैल झालं असेल, तर नवा गिअर डुगडुगतो आणि लवकर झिजतो. ४१सी४२२०ए मध्ये दांडा, गिअर आणि स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) जोडूनच येतात, त्यामुळे ही भानगड राहत नाही. चार पैसे जास्त गेले तरी हेच घ्यावं.

पैसे भरण्याआधी दार तपासा, कारण गिअर खाल्ला जाण्याचं मूळ बहुतेकदा तिथे असतं. दाराचं वजन पेलणं हे स्प्रिंगचं काम. ओपनर फक्त ओढतो. दोन गाड्यांचं स्टीलचं दार दीडशे पौंडांच्या पुढे सहज जातं. स्प्रिंग मऊ पडली की तो सगळा भार नायलॉनच्या दातांवर येतो. दार पूर्ण बंद असताना लाल दोरी ओढा (दार वर असताना कधीच नाही, स्प्रिंग तुटलेली असेल तर ते धाडकन खाली येतं), हाताने कमरेपर्यंत उचला आणि सोडा. तिथेच थांबलं तर ठीक. खाली घसरत असेल तर आधी स्प्रिंग बदला, नाहीतर नवा गिअरही तसाच संपेल. साधी टॉर्शन स्प्रिंग (दाराच्या वर आडवी असलेली, पीळ भरलेली) १०,००० वेळा उघडझाप होईल एवढ्या हिशोबाने बनवतात. रोज चार वेळा दार उघडलं तर ती सुमारे सात वर्षं. गिअर घरी बदलता येतो, टॉर्शन स्प्रिंग नाही. पीळ भरलेल्या स्प्रिंगची सळई हातातून सुटली तर हाडं मोडतात. तिथे माणूस बोलवाच, आणि स्प्रिंगा दोन असतील तर दोन्ही एकदम बदलून घ्या.

किट बसवायला निवांत दुपार हाताशी ठेवा. दार बंद, प्लग काढलेला, लाल दोरी ओढलेली. ट्रॉलीकडचा नट सैल करून चेन स्प्रॉकेटवरून उतरवा आणि कव्हर काढा. दार कुठे थांबायचं ते ठरवणाऱ्या लिमिट स्विचचा छोटा गिअर फिरू देऊ नका. फिरला तर ते पुन्हा लावत बसावं लागतं. वरचे षट्कोनी स्क्रू काढले की जुना दांडा स्प्रॉकेटसकट बाहेर येतो. वर्म काढायला मोटर सोडवावी लागते, म्हणून बरेच जण तो तसाच ठेवतात. त्याचे दात बोटाने चाचपा. धार लागत असेल तर आळस न करता तोही बदला. जुना भुगा आणि काळं ग्रीस ब्रशने पूर्ण काढा. मोटरचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर भुगा राहिला तर दार सहा-आठ इंच सरकून थांबतं, आणि दोष उगाच नव्या गिअरला दिला जातो. नवं ग्रीस फक्त दातांना लावा.

चेन पुन्हा चढवताना तार ओढल्यासारखी ताणू नका. मध्यभागी ती रेलच्या तळापासून साधारण अर्धा इंच वर राहिली पाहिजे. जास्त ताणली तर दांड्याचं बुशिंग झिजतं. दार थोडं आधी थांबत असेल तर लिमिटचा स्क्रू फिरवा. एक पूर्ण फेरा म्हणजे दोन इंचांचा फरक. शेवटी लाकडाची दीड इंच जाडीची पट्टी दाराखाली आडवी ठेवून दार बंद करा. टेकताच ते उलटं वर गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी आत घेण्याआधी ते दुरुस्त करा.

ओपनर १९९३ च्या आधीचा असेल आणि दाराच्या दोन बाजूंना सेन्सर (वाटेत काही आलं की दार उलटं फिरवणारे) नसतील, तर किटवर एक डॉलरही घालू नका. १ जानेवारी १९९३ पासून तयार झालेल्या घरगुती ओपनरना असं संरक्षण अमेरिकेत सक्तीचं आहे, आणि त्यामागे दाराखाली सापडून गेलेली लहान मुलं आहेत. सेन्सर जमिनीपासून सहा इंचांहून वर नसावेत. घरात नातवंडं रांगत असतील तर हा विचार दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

नवा घ्यायचाच तर चेनऐवजी बेल्टवाला आणि बॅटरी बॅकअप असलेला घ्या. कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून नव्या ओपनरला बॅटरी सक्तीचीच आहे. २०१७ च्या वणव्यांत वीज गेली तेव्हा लोकांना दारं उघडता आली नव्हती. बाकीच्या राज्यांतही ती घ्यावी. भारतातून आलेले आई-बाबा दिवसभर घरी एकटे असतात आणि लाल दोरी ओढून दार हाताने उचलायचं असतं हे त्यांना माहीत नसतं. खोली शांत हवी असेल तर बेडरूमखालच्या गॅरेजात बेल्टचा फरक पहिल्याच रात्री कळतो. भिंतीवर बसणारा, छत मोकळं ठेवणारा प्रकार छान आहे, पण दाराच्या वर टॉर्शन स्प्रिंगचा दांडा असेल तरच तो चालतो. आठ फूट उंच दाराला रेलची जोडपट्टी वेगळी मागवावी लागते, तेव्हा मोजून घ्या. जुनं भिंतीवरचं बटण तसंच वापरायचा मोह नको. नव्या पिवळ्या लर्न बटणाच्या (रिमोट जोडायचं बटण) मशीनला डब्यातलंच लावा. आणि ओपनरमध्ये साधा एलईडी दिवा घातला तर रिमोटचा पल्ला घटू शकतो, म्हणून गॅरेज ओपनरसाठी असं छापलेलाच दिवा घ्या.